सोसायटीच्या तळ्यात शेवाळ पुन्हा पुन्हा का येते, आणि त्याला आवर कसा घालावा

ठाणे आणि नवी मुंबईतील कित्येक गृहसंकुलांच्या बागेत आता एखादे लहान तळे असते. कुठे प्रवेशद्वारापाशी कारंज्याचा हौद असतो, कुठे मंदिराशेजारी कमळांचे कुंड असते, तर कुठे मुलांच्या खेळण्याच्या जागेलगत रंगीत माशांचे उथळ तळे असते. या सगळ्यांची तक्रार मात्र सारखीच आहे. पाणी हिरवे झाले की माळी ते उपसतात, तळ आणि भिंती ब्रशने घासून काढतात, ब्लीचिंग पावडर मारतात आणि नव्याने पाणी भरतात. आठ-दहा दिवस तळाची फरशी स्वच्छ दिसते आणि पंधरवडा उलटायच्या आत पाणी पुन्हा हिरवे होते. वर्षातून दोनदा तर हे हमखास घडते: होळीच्या सुमारास ऊन तापू लागले की, आणि पाऊस ओसरून ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की.

या लेखातील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तळे पूर्ण रिकामे करून घासणे हेच बहुतेक वेळा शेवाळ परत येण्याचे कारण असते. भिंतींवर, दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये उपयुक्त जिवाणूंचा एक बुळबुळीत थर वाढलेला असतो. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या पाल्यातून निघणाऱ्या अमोनियाचे हे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ब्रश आणि ब्लीचिंग पावडर यांनी तो थर नाहीसा होतो, पाणवनस्पतींची मुळे दुखावतात, पानांचे छत्र मोडते आणि ऊन थेट तळापर्यंत पोहोचते. अशा मोकळ्या जागेत सर्वांत आधी वाढते ते शेवाळ, कारण अनुकूल उन्हात आणि तिशीच्या तापमानात एकपेशीय शेवाळाची संख्या दिवसभरात दुप्पट होऊ शकते. कमळाला नवे पान फोडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात शेवाळाच्या अनेक पिढ्या होऊन जातात. जिवाणूंचा थर पुन्हा बसायला साधारण सहा आठवडे लागतात, आणि तो बसण्याआधीच समिती पुढच्या सफाईची तारीख ठरवते.

आधी शेवाळ कोणते आहे ते पाहा

उपायाला हात घालण्यापूर्वी ओळख पटली पाहिजे, कारण एका प्रकारावर चालणारा उपाय दुसऱ्यावर मुळीच चालत नाही. काचेचा साधा पारदर्शक ग्लास घ्यावा, वितभर खोलीवरून पाणी भरावे आणि पांढऱ्या कागदावर ठेवून अर्धा-एक तास हलवू नये. ग्लासाच्या तळाशी तपकिरी थर बसला आणि वरचे पाणी निवळले, तर तो गाळ आहे आणि तिथे शेवाळाचे औषध शोधण्यात अर्थ नाही. पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखे पोपटी राहिले, तर ते तरंगणारे एकपेशीय शेवाळ आहे. पृष्ठभागाशी ग्लासाच्या कडेने निळसर हिरवे कडे जमू लागले, तर सावध व्हावे. त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

दुसरी चाचणी काठीची. खडबडीत काठी पाण्यात घालून दोन-तीन वेळा गोल फिरवून वर काढावी. काठीला ओल्या लोकरीसारखे लांब हिरवे धागे गुंडाळून आले, तर ते तंतूंचे शेवाळ आहे. स्पायरोगायरा आणि क्लॅडोफोरा हे त्यातले आपल्याकडे नेहमी आढळणारे प्रकार. स्पायरोगायराचे धागे बोटांत धरले तर निसटतात आणि क्लॅडोफोराचे धागे खरखरीत लागतात. तंतूंचे शेवाळ असताना मधले पाणी पुष्कळदा अगदी नितळ असते, त्यामुळे अतिनील (यूव्ही) दिवा लावूनही शेवाळ का हटत नाही असा प्रश्न लोकांना पडतो. दिव्यासमोरून जाते ते पाणी. दगडाला धरून बसलेले धागे दिव्यासमोर जातच नाहीत.

भिंतींवर आणि कुंड्यांवर अर्ध्या सेंटिमीटरहून कमी उंचीचा मऊ हिरवा थर असेल, तर तो तसाच राहू द्यावा. तो निरोगी तळ्याचा भाग आहे, गोगलगायी आणि लहान मासे त्यावर चरतात, आणि पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्ये तोही शोषून घेतो. समितीच्या बैठकीत एवढे जरी मान्य करून घेता आले, तरी निम्मे काम झाले असे मी समजतो.

शेवाळाला खाद्य कुठून मिळते

शेवाळाला ऊन, ऊब, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागते. ऊन आणि ऊब आपल्या प्रदेशात वर्षातले आठ-नऊ महिने मुबलक असतात, म्हणून लगाम घालायचा तो नायट्रोजन आणि फॉस्फरसला. सूक्ष्म जलवनस्पतींच्या पेशींत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे अणू सर्वसाधारणपणे 106, 16 आणि 1 या प्रमाणात असतात. रेडफील्ड प्रमाण म्हणून ते ओळखले जाते. वजनात मांडले तर 1 ग्रॅम फॉस्फरसच्या जोरावर शेवाळ सुमारे 40 ग्रॅम कार्बन बांधून घेऊ शकते. म्हणजे पाण्यात आलेल्या किरकोळ खताचीही शेवाळ फार मोठी वाढ करून दाखवते.

हिशेबासाठी 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि सरासरी 60 सेंटिमीटर खोल तळे धरू. लांबी, रुंदी आणि खोली मीटरमध्ये गुणून आलेल्या आकड्याला 1,000 ने गुणले की लिटर मिळतात. येथे ते 3,600 लिटर होतात. आपल्या तळ्याचा हा आकडा प्रत्येकाने एकदा काढून पंपाच्या खोलीच्या दारावर लिहून ठेवावा. पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून असतात.

आपल्या भागात सर्वांत दुर्लक्षित राहणारे कारण म्हणजे बागेची पाण्याची लाइन. मोठ्या संकुलांत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असते आणि तिथले प्रक्रिया केलेले पाणी फ्लशसाठी व बागेसाठी वेगळ्या लाइनने फिरवले जाते. झाडांसाठी ते पाणी उत्तम आहे. पण या केंद्रांचा मुख्य उद्देश सेंद्रिय घाण आणि दुर्गंधी कमी करणे हा असतो. नायट्रेट आणि फॉस्फेट त्यातून पुरेसे निघून जातीलच असे नाही, आणि सांडपाण्यात धुण्याच्या-भांड्यांच्या पाण्याबरोबरच मानवी मलमूत्रातील फॉस्फरसही असतो. तळ्यातील पातळी राखण्यासाठी बसवलेला बॉल कॉक जवळची लाइन म्हणून या बागेच्या लाइनला जोडलेला असेल, तर तळ्याला रोज ठिबक पद्धतीने द्रवखत मिळत असते. माळी कितीही मेहनती असला तरी अशा तळ्यात त्याला यश येत नाही आणि बोल मात्र त्यालाच लागतो. म्हणून पहिले काम हे करावे: प्लंबरला बरोबर घेऊन तळ्याच्या नळाची लाइन कुठून येते ते हाताने माग काढत पाहावे. शंका असल्यास स्वयंपाकघरातील नळाचे आणि तळ्याच्या नळाचे पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या चाचणीने दोन्हींतील नायट्रेट आणि फॉस्फेट तपासावे. रंगातला फरक तिथल्या तिथे दिसतो आणि समितीला पटवण्यासाठी त्या दोन नळ्या पुरतात.

उन्हाळ्यात हा दोष दुणावतो. एप्रिल-मेमध्ये रोज 5 मिलिमीटर पाणी आटते असे धरले, तर आपल्या उदाहरणातील 6 चौरस मीटर पृष्ठभागावरून दिवसाला 30 लिटर आणि महिन्याला 900 लिटर, म्हणजे तळ्याचा पाव हिस्सा, वाफ होऊन जातो. वाफेबरोबर क्षार आणि खते जात नाहीत, ती मागे राहतात, आणि भरपाईच्या पाण्याबरोबर नवी येतात. घोडबंदर रस्त्यावरील ज्या संकुलांना टँकरवर अवलंबून राहावे लागते, तिथे बोअरवेलचे पाणी आले तर त्यातील क्षारांचीही अशीच भर पडत जाते. त्यामुळे आटलेले पाणी भरून काढणे आणि पाणी बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माळ्याला नीट समजावून सांगावे.

दुसरे मोठे कारण माशांचे खाद्य. कोई आणि गोल्डफिश दिसले की येता-जाता प्रत्येक जण मूठभर दाणे टाकतो, मुले बिस्किटे आणि पाव टाकतात, सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा पुण्यकर्म म्हणून कणकेच्या गोळ्या टाकतात. हेतू चांगलाच असतो, पण हिशेब पाहावा. खाद्याच्या पाकिटावर 35 टक्के प्रथिने लिहिलेली असतील, तर प्रथिनांत सुमारे 16 टक्के नायट्रोजन असल्याने 50 ग्रॅम खाद्यात 2.8 ग्रॅम नायट्रोजन येते. त्यातील फार तर तिसरा हिस्सा माशांच्या अंगी लागतो आणि उरलेले सुमारे 2 ग्रॅम रोज पाण्यात उतरते. महिन्याभरात ते 60 ग्रॅम होते, म्हणजे 3,600 लिटरच्या तळ्यात प्रत्येक लिटरमागे 16 मिलिग्रॅमहून जास्त. दिवसातून एकदा, मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य द्यावे आणि ते एकाच ठरलेल्या व्यक्तीने द्यावे. आठवड्यातून एक दिवस उपास घडवला तरी मोठ्या माशांना काही होत नाही. आजोबांना नाराज करायचे नसेल, तर ठरलेल्या खाद्याचीच लहान डबी सुरक्षारक्षकाकडे ठेवावी आणि त्यांना रोज त्यातूनच मोजके दाणे द्यावेत.

खतांचे तसेच आहे. तळ्याकाठच्या वाफ्यात टाकलेल्या डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या रासायनिक खतामध्ये फॉस्फेट 46 टक्के असते, म्हणजे शुद्ध फॉस्फरस सुमारे 20 टक्के. चहाचा एक चमचा डीएपी, साधारण 5 ग्रॅम, पाण्यात वाहून गेला तर 1 ग्रॅम फॉस्फरस तळ्यात जमा झाला. शेणखत, गांडूळखत आणि कंपोस्टही सरीबरोबर वाहतात. तळ्याची कड बागेच्या जमिनीशी समपातळीत असेल, तर 10 ते 15 सेंटिमीटर उंचीचा कट्टा बांधून घ्यावा आणि वाफ्यांचा उतार तळ्यापासून दूर काढावा. या एका बांधकामाचा खर्च औषधांच्या काही वर्षांच्या खर्चापेक्षा कमी असतो.

पाल्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या रस्त्यांवर आणि संकुलांत लावलेली झाडेच तशी आहेत. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर आणि पिवळा सोनमोहर यांची पाने अनेक बारीक पर्णिकांनी बनलेली असतात. देठ सुकला की पर्णिका सुट्या होऊन भुशासारख्या पडतात, साध्या हिरव्या जाळीतून आरपार जातात आणि पाण्यावर तरंगत काही तासांत भिजून तळाशी बसतात. ही झाडे शिंबावर्गीय असल्याने त्यांच्या पाल्यात नायट्रोजन भरपूर असते. फेब्रुवारी-मार्चची पानगळ तळाशी कुजायला लागते आणि नेमक्या त्याच वेळी ऊन तापते. होळीच्या सुमारास पाणी हिरवे का होते याचे बरेचसे उत्तर यातच आहे. त्या दोन महिन्यांत मच्छरदाणीच्या कापडाएवढी बारीक जाळी ताणून बांधावी किंवा रोज सकाळी, पर्णिका बुडण्याच्या आत, पृष्ठभाग गाळून घ्यावा. पंपाच्या तोंडाशी पृष्ठभागावरचे पाणी ओढणारा स्किमर असेल तर हे काम फार हलके होते.

निर्माल्याची फुले, दुधाचा अभिषेक आणि गणपतीत हौसेने केलेले लहान मूर्तींचे विसर्जन या गोष्टी शोभेच्या तळ्यात अजिबात करू नयेत. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका विसर्जनासाठी कृत्रिम तलाव आणि निर्माल्यासाठी कलश ठेवतात. त्यांचा उपयोग करावा.

हाताने करायची कामे

तळे रिकामे करू नये, हे पुन्हा सांगतो. आठवड्यातून एकदा एकूण पाण्याच्या 10 ते 15 टक्के पाणी तळाजवळून पाइपने सायफन करून काढावे, म्हणजे गाळही त्याबरोबर निघतो. आपल्या उदाहरणात हे 360 ते 540 लिटर होते आणि ते वाफ्यांना घातले तर वाया जात नाही. भरायचे पाणी पिण्याच्या लाइनचे असावे, मात्र नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन असते. ते पाणी ड्रममध्ये उघडे ठेवून 24 तास हवेचा दगड (हवेच्या पंपाला जोडून बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) चालवावा किंवा माशांच्या दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे अँटी-क्लोरीन लेबलवरील प्रमाणात घालावे. फिल्टरचा स्पंज तुंबला की तो तळ्यातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळावा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने त्यातील जिवाणू मरतात आणि फिल्टर केवळ गाळणी उरतो.

पंप अहोरात्र चालू ठेवावा. वीजबिल वाचवण्यासाठी रात्री पंप बंद करण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते आणि ती माशांच्या जिवावर बेतते, कारण प्राणवायूची खरी टंचाई रात्रीच असते. तळ्याचे सगळे पाणी एक ते दोन तासांत एकदा फिल्टरमधून गेले पाहिजे. 3,600 लिटरसाठी ताशी 1,800 ते 3,600 लिटरचा प्रवाह प्रत्यक्षात मिळायला हवा. पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी उंच न चढवता मोजलेला असतो, म्हणून धबधब्याची उंची आणि पाइपची वळणे धरून एक माप मोठा पंप घ्यावा.

तंतूंचे शेवाळ हातानेच काढावे लागते. काठीवर किंवा लांब दांड्याच्या बाटली धुण्याच्या ब्रशवर ते गुंडाळत जावे, सकाळच्या वेळी काढावे आणि लगेच तळ्यापासून दूर न्यावे. काठावर वाळत ठेवले तर पहिल्या सरीबरोबर त्यातील सगळे पुन्हा आत येते. कंपोस्टच्या खड्ड्यात ते कोरड्या पाल्याबरोबर उत्तम कुजते.

एकपेशीय हिरव्या पाण्यावर अतिनील दिवा खात्रीने काम करतो. पंपाकडून येणारे पाणी दिव्याभोवतीच्या नळीतून जाते, पेशी मरतात, एकमेकींना चिकटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. प्रवाह योग्य असेल तर एक-दोन आठवड्यांत तळ दिसू लागतो. दोन गोष्टी मात्र सगळे विसरतात. दिवा निळसर जळताना दिसला तरी वर्षभरात त्यातील उपयोगी अतिनील किरणे क्षीण होतात, म्हणून तो वर्षातून एकदा बदलावा लागतो. शिवाय दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर क्षारांचा पांढरा थर बसतो, विशेषतः टँकरच्या पाण्यात, आणि किरणे अडतात. ती नळी दर दोन महिन्यांनी वीज बंद करून व्हिनेगरने पुसावी. दिवा मेलेली पेशी फिल्टरकडे पाठवतो आणि तिच्यातले खत पाण्यातच राहते, त्यामुळे खाद्य आणि पाला आवरला नाही तर एकपेशीय शेवाळ जाऊन तंतूंचे येते.

वनस्पतींवर माझा सर्वांत अधिक भरवसा आहे. कमळ किंवा कुमुदिनीच्या पानांनी पृष्ठभागाचा निम्मा ते साठ टक्के भाग झाकला गेला की पाणी थंड राहते आणि शेवाळाला ऊन मिळत नाही. त्यांच्या कुंड्यांत चिकणमाती भरून वर खडीचा थर द्यावा. शेणखत किंवा नर्सरीचे तयार मिश्रण घालू नये, कारण कोई मासे माती उकरतात आणि खत थेट पाण्यात मिसळते. फिल्टरमधून परतणारे पाणी खडी भरलेल्या उथळ पन्हळीतून सोडावे आणि त्या खडीत कर्दळ, अळू आणि वेखंड लावावे. कोकणात सांडपाण्याच्या वाटेवर अळू आणि कर्दळ लावण्याची जुनी रीत आहे आणि इथेही तेच तत्त्व लागू पडते. पण नुसती लागवड पुरेशी नाही. वनस्पतींनी शोषलेले नायट्रोजन आणि फॉस्फरस पाने कापून बाहेर नेली तरच तळ्याबाहेर जाते. पिकून तिथेच कुजली तर पुन्हा पाण्यात येते. म्हणून दर पंधरा दिवसांनी बाहेरची जुनी पाने कापून टाकावीत. अझोलाही उपयोगी आहे, परंतु त्याच्या पानांत राहणारे सूक्ष्मजीव हवेतील नायट्रोजन स्थिर करतात, त्यामुळे तो काढत राहिला नाही तर उलट खताची भर घालतो. जलपर्णी मात्र सोसायटीच्या तळ्यात आणूच नये. वाढली की ती कोणीतरी नाल्यात फेकतो, आणि उल्हास नदीची जलपर्णीने काय अवस्था होते ते आपण पाहतोच.

डासांच्या भीतीने तळ्यात गप्पी मासे सोडले जातात आणि ते योग्यच आहे. मात्र गप्पी बेसुमार वाढले की शेवाळ खाणारे डॅफ्नियासारखे सूक्ष्म जलजीव ते फस्त करतात आणि पाणी हिरवे व्हायला मदत होते. वाहत्या आणि पृष्ठभाग हलत्या तळ्याला थोडे गप्पी पुरतात. गवत्या आणि चंदेरा हे मासे शेवाळ खातात म्हणून सुचवले जातात, पण ते शेततळ्याचे मासे आहेत. गवत्या आधी कुमुदिनी संपवतो आणि दोघेही लहान तळ्याला न पेलणारे मोठे होतात.

मोरचूद आणि इतर औषधांविषयी

द्राक्ष आणि सुपारीच्या बागांमुळे मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, आपल्या सर्वांना ठाऊक आहे आणि शेवाळ त्याने मरते, यात शंका नाही. आपल्या भागात ते धोकादायक ठरण्याचे कारण पाण्यात आहे. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते. सह्याद्रीच्या उतारांवरील पावसावर भरणाऱ्या अशा जलाशयांचे पाणी साधारणपणे मऊ, कमी क्षारतेचे असते, आणि पावसाळ्यात तळ्यातील पाणी आणखी मऊ होते. अशा पाण्यात तांबे माशांना फार लवकर बाधते. मत्स्यशेतीत वापरला जाणारा नियम असा आहे की लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजलेल्या एकूण क्षारतेला (टोटल अल्कलिनिटी, खारेपणा नव्हे) 100 ने भागून येईल तेवढेच मिलिग्रॅम मोरचूद लिटरमागे द्यावे आणि क्षारता 50 च्या खाली असेल तर ते वापरूच नये. क्षारता 50 धरली तर 3,600 लिटरला जेमतेम 1.8 ग्रॅम मोरचूद बसते. मूठभर टाकले तर त्याच्या वीस-पंचवीस पट होते. शिवाय तांबे नष्ट होत नाही, ते गाळात साठते आणि गोगलगायी व पाणवनस्पती यांनाही मारते. शोभेच्या तळ्यात मोरचूद वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुरटीने फॉस्फरस आणि गाळ खाली बसतो, पण मऊ पाण्यात सामू (पीएच) झपाट्याने घसरतो. मासे असलेल्या तळ्यात ती अंदाजाने टाकू नये. जवाचा किंवा भाताचा पेंढा पाण्यात सोडण्याचा उपाय थंड प्रदेशांतून आला आहे. आपल्या उष्ण पाण्यात पेंढा वेगाने कुजतो आणि प्राणवायू खातो.

कोणतेही शेवाळनाशक वापरले तरी एक धोका सारखाच असतो. एकाच वेळी मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते. मुळात 30 अंश तापमानाच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम विरघळतो, 20 अंशांच्या पाण्यात तो नऊच्या वर असतो. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते आणि रात्री तेच तो वापरते, म्हणून सर्वांत बिकट वेळ पहाटेची असते. सूर्योदयापूर्वी मासे धबधब्याच्या कोपऱ्यात गोळा होऊन पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करताना दिसले, तर त्यांना भूक लागलेली नसते, ते गुदमरत असतात. अशा वेळी खाद्य देऊ नये, हवेचा दगड किंवा दुसरा पंप लगेच लावावा आणि दहा टक्के पाणी बदलावे. दाट ढगांचे तीन-चार दिवस सलग आले की शेवाळ आपोआप मरू लागते आणि हेच संकट औषधाविना येते. जुलैमध्ये मासे मेले की लोक पावसाच्या पाण्याला दोष देतात.

दुपारचे संकट वेगळे असते. भर उन्हात शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि सामू 9 किंवा त्याच्याही वर जाऊ शकतो. 30 अंश तापमानाला सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी 1 टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. सामू 9 झाला की तो 40 टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून पाण्याची चाचणी सकाळी आठला आणि दुपारी तीनला अशी दोन वेळा करावी. केवळ सकाळची चाचणी करून पाणी ठीक असल्याचे सांगणे पुरेसे नाही.

निळसर हिरवा तवंग

पृष्ठभागावर सांडलेल्या ऑइल पेंटसारखा निळसर हिरवा तवंग, त्याला कुबट मातकट वास, आणि काठी घातली तर धागे न येता रंग पसरणे, ही नील-हरित जिवाणूंची लक्षणे आहेत. हे जीव एरवी काही शत्रू नव्हेत. ठाणे खाडीत दर हिवाळ्यात येणाऱ्या लहान रोहित पक्ष्यांचे ते आवडते खाद्य आहे. परंतु मायक्रोसिस्टिससारखे काही प्रकार यकृताला घातक विष तयार करतात आणि असे पाणी चाटणाऱ्या कुत्र्यांना त्याचा मोठा धोका असतो. तवंग दिसला की कारंजे बंद करावे, कारण तुषारांबरोबर ते पाणी हवेत उडते. हवा देणारा पंप मात्र चालू ठेवावा. मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दूर ठेवावे, रबरी हातमोजे घालून तवंग बारीक जाळीने अलगद उचलावा आणि ते पाणी भाजीच्या वाफ्यांना घालू नये. शेवाळनाशक तर मुळीच टाकू नये, कारण पेशी फुटल्या की आतले विष एकदम पाण्यात उतरते. पुढचे काही आठवडे रोजच्या रोज थोडे पाणी बदलणे, खाद्य बंद ठेवणे आणि सावली वाढवणे हाच मार्ग आहे.

पावसाळा आणि ऑक्टोबर

आपल्याकडे चार महिन्यांत 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला तर 6 चौरस मीटरच्या तळ्यात थेट 600 लिटर पाणी पडते, आणि ते ओसंडून जाण्यासाठी कट्ट्याखाली जाळी लावलेला पाइप हवा, नाहीतर कमळाच्या कुंड्यांवरची माती आणि लहान मासे दोन्ही गटारात जातात. मे महिन्याच्या अखेरीस गाळ एकदा काळजीपूर्वक सायफन करून घ्यावा. पहिल्या दोन-तीन सरींचे गच्चीवरचे किंवा रस्त्यावरचे पाणी तळ्यात येऊ देऊ नये, कारण आठ महिन्यांची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यातून येते. त्यानंतरचा पाऊस तळ्यातील क्षार पातळ करतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी आपोआप निवळते. याच काळात समिती निर्धास्त होते, अतिनील दिवा बंद केला जातो आणि पावसात माजलेली कर्दळ छाटायची राहून जाते.

खरी तयारी गणपतीनंतर लगेच करायची असते. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात दिव्याची क्वार्ट्झची नळी पुसून दिवा पुन्हा सुरू करावा, कर्दळ आणि अळू कापून पाला बाहेर न्यावा, चार महिन्यांत साचलेला गाळ दोन-तीन हप्त्यांत काढावा, आणि कुमुदिनीने निम्मा पृष्ठभाग धरलेला नसेल तर तेवढ्या भागावर नवरात्र ते दिवाळी एवढ्या काळापुरते पन्नास टक्क्यांचे शेडनेट बांधावे. त्या आठवड्यांत पाणी थोडे हिरवट झाले तरी उपसू नये. ग्लासाची चाचणी दर रविवारी करून त्याचा फोटो त्याच पांढऱ्या कागदावर, त्याच जागी काढून ठेवावा. रंग आठवड्यागणिक फिका होत असेल, तर फक्त पाणीबदल आणि जाळी एवढेच चालू ठेवावे. तीन आठवड्यांत फरक नसेल, तर पुन्हा बॉल कॉकच्या लाइनपासून तपासणी सुरू करावी.